सातव्या ओळीतलं तिसरं अक्षर

बाबांनी सातवी ओळ न अडखळता वाचली तेव्हा मला आधी बरं वाटलं. ग, त, ण, म, व. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाने वीस फुटांवरून सातवी ओळ वाचायची म्हणजे काही खायचं काम नाही. मी लायसन्सच्या फॉर्मवर सहीच्या जागेपर्यंत पेन नेलं आणि पेन तिथेच राहिलं, कारण सातव्या ओळीत तिसरं अक्षर नाही. दोन वर्षांपूर्वी माझ्या चष्म्याच्या दुकानातल्या काउंटरवरच्या मावशींनी तक्ता स्वच्छ करायच्या उत्साहात स्पिरिटचा बोळा फिरवला आणि तेवढाच रंग निघून आला. तेव्हापासून त्या जागी फिकट डाग आहे. डोळे तपासायला आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक तिथे थांबतं. कुणी म्हणतं, इथलं पुसलंय वाटतं. कुणी डोळे बारीक करून काहीतरी ठोकून देतं. तिथे कुठलं अक्षर होतं हे मी स्वतःही विसरले होते. बाबांच्या तोंडून ऐकलं तेव्हा आठवलं.

"झालं?" बाबा म्हणाले. "कर सही. तुझी आई गाडीत बसलीय."

"हनुवटी टेकवा जरा इथे," मी यंत्र पुढे ओढत म्हणाले.

"आता आणि कशाला? वाचलं की सगळं."

"तरी."

त्यांनी हनुवटी टेकवली, पण आधी हाताने चाचपून ती पट्टी कुठे आहे ते बघितलं. हे माझ्या लक्षात आलं. आधीही कितीदा तरी आलं असणार, पण डोक्यात शिरलं ते आत्ता. यंत्रातून मी आत बघितलं आणि दोन्ही डोळ्यांत, पडद्याच्या बरोबर मध्यावर, मला जे दिसायला नको होतं ते दिसलं. कडा छान होत्या. मधला भाग झिजलेला, पिवळट ठिपक्यांचा. हा मोतीबिंदू नव्हे, की काढला आणि झालं. असा डोळा समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर कुठे टांगलंय ते सांगतो, पण समोर उभ्या माणसाचा चेहरा गिळून टाकतो. तोंडाने मात्र मी म्हणाले, "अहो बाबा, शिक्का घरीच राहिला माझा. उद्या देते फॉर्म."

"ताई, शिक्का तर तुमच्या ड्रॉवर—" मावशींनी सुरुवात केली. मी त्यांच्याकडे असं बघितलं की त्या फ्रेमा पुसायला लागल्या.

"शुक्रवारी लायसन्स संपतं," बाबा उठत म्हणाले. "उद्या नक्की दे. उगाच धावपळ नको."

ते बाहेर पडले. काचेतून मी बघत होते. गाडीच्या दिव्यावर, मग बॉनेटवर हात ठेवत ठेवत ते पलीकडच्या दाराशी गेले. हे मी शंभर वेळा बघितलं होतं आणि दर वेळी मला वाटलं होतं, किती जीव आहे ह्यांचा ह्या जुन्या गाडीवर. मी डोळ्यांवर पोट भरणारी बाई. आई पुढच्या सीटवर पदर सावरून ताठ बसली होती. तिने मान वळवून मागे बघितलं, मग पुढे बघितलं, तिचे ओठ हलल्यासारखे वाटले, आणि गाडी रस्त्याला लागली. ओठांचं मी मनावर घेतलं नाही. आई बोलत नाही हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

तो तक्ता बाबांनीच रंगवलेला. बाबा पेंटर, म्हणजे पाट्या रंगवणारे. शहरातल्या निम्म्या दुकानांची नावं त्यांच्या हातची होती आणि सगळीकडे त्यांना पेंटर म्हणूनच ओळखत. आईसुद्धा रागावली की "पेंटर, जेवायला या," म्हणायची. मी दुकान काढलं तेव्हा छापील तक्ता आणला होता. बाबांनी तो हातात धरून बघितला आणि म्हणाले, ही अक्षरं आजारी दिसतात, आधीच माणूस आजारी डोळे घेऊन येणार. मग आठ दिवस ते त्या पांढऱ्या पत्र्यासमोर बसून होते. मी नुकतीच शिकून आलेली, डोकं मापांनी भरलेलं. पहिल्या ओळीतलं अक्षर इतकं उंच, सातव्या ओळीतलं इतकं, रेघेची जाडी उंचीच्या पाचव्या हिश्शाइतकी, असं मी त्यांना सांगत होते आणि ते मुकाट्याने दोरा लावून मापत होते. एकदाच त्यांनी विचारलं, पाचवा हिस्साच का? मी त्यांना कोन सांगितला, डोळ्यात पडणारी प्रतिमा सांगितली, भिंतीवर आकृती काढून दाखवली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, म्हणजे लांबून अक्षराच्या पोटातली हवा दिसली पाहिजे. असंच म्हण की. मला तेव्हा जरा राग आला होता, माझ्या दोन वर्षांच्या शिक्षणाचं त्यांनी एका वाक्यात गाठोडं बांधलं म्हणून. एकेक अक्षर झालं की ते उठायचे, दुकानाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहायचे आणि तिथून बघायचे. जवळून सगळ्याच पाट्या चांगल्या दिसतात, हे त्यांचं ठरलेलं. मग परत येऊन कधी केसभर रंग वाढवायचे, कधी चक्क पुसून टाकायचे. सातव्या ओळीतला ण त्यांनी पाच वेळा पुसला. त्यामुळे ते अक्षर त्यांच्या डोळ्यांत असो नसो, हातात पक्कं होतं. आणि मी, तीस वर्षांत हजारो लोकांना जिने त्या तक्त्यापुढे बसवलं ती शहाणी, तो तक्ता ज्याने काढला त्याचेच डोळे त्याच तक्त्यावर दर लायसन्सच्या वेळी तपासत होते. स्वयंपाक्याला त्याच्याच हातची भाजी चाखायला देऊन विचारावं, काय घातलंय सांगा, तसं.

दुपारी दादाला फोन केला. दादा माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा आणि चार तासांच्या अंतरावर राहतो, त्यामुळे त्याला सगळं स्पष्ट दिसतं. मी सांगून संपवायच्या आधीच तो म्हणाला, "आत्ताच्या आत्ता चावी काढून घे. ह्या आजारात रस्त्यावरचा माणूस ऐनवेळी दिसत नाही. मी वाचलंय. तुला पाठवतो."

"मला नको पाठवूस. मी तेच करते तीस वर्षं."

"मग प्रश्न काय आहे?"

प्रश्न आईचा होता. त्याचं एकही वाक्य खोटं नव्हतं. अडीच वर्षांपूर्वी आईच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली, उजवा हात लुळा पडला, तो पुढे पुष्कळसा सुधारला, पण बोलणं गेलं. घरात ती हं म्हणते, नको म्हणते, मिठाकडे बोट दाखवते. बोलायला शिकवणारी एक बाई सहा महिने येत होती, चित्रांची कार्डं घेऊन. आई त्या कार्डांकडे इतक्या तुच्छतेने बघायची की शेवटी त्या बाईंनीच हात टेकले. तेव्हापासून रोज चार वाजता बाबा तिला गाडीतून फिरवून आणतात. तासाभराने ती परत येते तेव्हा तिचा चेहरा वेगळा असतो. कामावरून आलेल्या माणसासारखा, दमलेला आणि समाधानी. ती गाडी बंद केली तर काय होईल याचं उत्तर दादा पाठवणार होता त्या लेखात नव्हतं.

"विचार करते," मी म्हणाले.

"ह्यात विचार कसला?"

फोन ठेवल्यावर मला त्या शिवणकामवाल्या बाईंची आठवण झाली, का कोण जाणे. दुकानाच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. मी त्यांचे डोळे तपासले, नंबर काढला, चष्मा करून दिला. इतका नेमका नंबर मी त्याआधी काढला नव्हता, माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटत होती. आठ दिवसांनी बाई परत आल्या. टाका दिसत नाही म्हणाल्या. मी परत तपासलं, नंबर बरोबर. पुस्तक दिलं, बारीकातलं बारीक छापलेलं वाचून दाखवलं त्यांनी. मी म्हणाले, चष्म्यात काही खोट नाही, सवय करा. संध्याकाळी बाबांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं, लोकांना काही कळत नाही. बाबा ब्रश धूत होते. म्हणाले, तिचं मशीन तिच्या नाकापासून किती लांब असतं, विचारलंस का? नव्हतं विचारलं. मी तिला पुस्तकाच्या अंतराचा चष्मा दिला होता आणि तिचं आयुष्य त्याहून वीतभर लांब चाललं होतं. दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले, तिच्या मशीनशेजारी बसून टेपने अंतर मोजलं. नंबर आधीही बरोबरच होता. फक्त तो कुणाचा नंबर आहे हे मला माहीत नव्हतं. एवढं त्या दिवशी कळलं, आणि कळल्यासारखं वाटून पुढे तीस वर्षं त्यातलं बरंचसं मी विसरत गेले.

म्हणून बुधवारी चार वाजता मी दुकान मावशींवर टाकलं आणि आईबाबांच्या दारात जाऊन उभी राहिले. फॉर्म पर्समध्ये होता, शिक्काही. "मलाही न्या आज," मी म्हणाले. बाबांनी आईकडे मान वळवली. "तुला कंटाळा येईल," ते म्हणाले. आईने माझ्याकडे बघितलं, मग मागचं दार उघडून दिलं.

पहिला सिग्नल यायच्या आधी माझ्या मनात फक्त एवढंच होतं की काही झालं तर मी मागून ओरडेन. मी सीटच्या कडेवर बसले होते, दोन्ही हात पुढच्या सीटच्या पाठीवर. आणि आई म्हणाली, "लाल."

मी चुकून ऐकलं असं वाटलं. गाडी थांबली. "किती गाड्या पुढे?" बाबांनी विचारलं. "दोन," आई म्हणाली. मग थोड्या वेळाने, "हिरवा. जा. हळू." डावीकडे वळताना ती म्हणाली, "सायकल," आणि बाबांनी मान जराशी वळवली, कडेच्या नजरेने सायकल पकडली आणि अंतर ठेवलं. "पाटी नवीन," आई म्हणाली. "कसली?" "बूट." "अक्षर कसं आहे?" आईने जरा विचार केला. "घाणेरडं," ती म्हणाली, आणि दोघं हसले. मी मागे बसून रडत होते. आईचा आवाज. जाडसर झालेला, शब्दाशब्दात थांबणारा, पण तिचाच, भाजीवाल्याला आणि मला आणि दादाला एकाच दमात सरळ करणारा तो आवाज. अडीच वर्षं मी त्याची वाट बघत होते, घरात, दवाखान्यात, त्या कार्डांच्या ढिगाऱ्यापुढे, आणि तो इथे होता, रोज चार ते पाच, माझ्या दुकानावरून जात होता. मला इतका आनंद झाला की भीती वाटायची राहूनच गेली. मग भीती आली आणि आनंद काही जाईना. कारण आता मला दिसत होतं की ही गाडी कोण चालवतंय. निम्मी बाबा चालवत होते, निम्मी आई, आणि मधे एक शब्द यायला जेवढा वेळ लागतो तेवढी फट होती.

तळ्याकडे वळणाऱ्या रस्त्यावर ती फट उघडली. पट्ट्यांवरून एक माणूस रस्ता ओलांडत होता, राखाडी कोट घातलेला, हातात पिशवी. अगदी समोर, मधोमध. मला दिसला. आईला दिसला. आईने तोंड उघडलं आणि शब्द आला नाही. तिच्या मानेच्या शिरा ताणल्या गेल्या, "म... म..." एवढंच आलं, गाडी तशीच चालली होती, माझ्या स्वतःच्या तोंडातूनही काही निघेना, आणि आईने डावा हात समोरच्या पॅनेलवर धाडकन आपटला. बाबांनी ब्रेक दाबला. तो माणूस बॉनेटपासून हातभर अंतरावर उभा होता. त्याने आमच्याकडे बघितलं, डोकं हलवलं आणि पलीकडे निघून गेला. बाबा काचेतून समोर बघत होते, जिथे तो आता नव्हता तिथे. "कोण होतं?" त्यांनी विचारलं.

तळ्याकाठी गाडी उभी करून आम्ही तिघं बसलो. एक बाई कुत्र्याला घेऊन चालली होती, पाण्यावर ऊन होतं.

"तुला कधी कळलं?" बाबांनी शेवटी विचारलं, मागे न वळता.

"काल. तुम्ही तिसरं अक्षर वाचलंत. ते नाहीये बाबा तिथे. पुसलं गेलंय."

त्यांना हसूच आलं. "म्हणजे ण गेला होय," ते म्हणाले. "पाच वेळा काढला होता." मग हसू गेलं. "गेल्या वर्षीपासून आहे हे. खांबाचं वरचं दिसतं, खालचं दिसतं, मधलं नाही. एकदा असाच सिग्नलला उभा होतो, काही केल्या रंग दिसेना. माझ्या तोंडून निघून गेलं, लाल आहे का गं? आणि ही म्हणाली, हिरवा. दीड वर्ष तोंडातून शब्द नव्हता. हिरवा म्हणाली. मी गाडी तिथेच बंद केली, मागचे हॉर्न मारत होते." त्यांनी स्टिअरिंगवरून हात फिरवला. "मग मुद्दामही विचारून बघितलं, दिसत असताना. नाही बोलत. तिला समजतं. खरंच दिसत नसलं की मगच बोलते. माझे डोळे जसजसे जायला लागले तसतशी ही बोलायला लागली. आता ह्यात मी रडू कशाला, तूच सांग."

पर्समध्ये फॉर्म होता. किमान पाचवी ओळ, असं त्यावर छापलेलं होतं, आणि खाली माझ्या नावाची जागा. सही केली तर आईचा आवाज राहणार होता आणि कधीतरी राखाडी कोटातला तो माणूस, किंवा दुसरं कुणी, शाळेतून सुटलेलं एखादं पोर, हातभर आधी थांबणार नव्हतं. न केली तर रस्ते सुखरूप आणि घरात परत ते मिठाकडे दाखवलेलं बोट. दादाला एकच बाजू माहीत होती. बाबांना दोन्ही कळत होत्या, आणि तरी ते वर्षभर गाडी चालवत राहिले होते. कळलं म्हणजे पुढचं आपोआप सुचतं असं थोडंच आहे.

"मी सही नाही करणार बाबा," मी म्हणाले.

"तू डोळे तपासायचे. आमचा संसार नाही." ते इतक्या हळू म्हणाले की ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चावी फिरवायला हात पुढे केला.

आईने त्यांच्या हातावर हात ठेवला. तिच्या चेहऱ्यावर मघासारखाच ताण आला, मानेच्या शिरा, हलणारे ओठ. आम्ही थांबलो. या वेळी कुणी रस्त्यात नव्हतं, हवा तेवढा वेळ होता.

"माझा शब्द," आई म्हणाली. मग खूप वेळाने, "वेळेवर आला नाही."

बाबांचा हात तिच्या हाताखाली तसाच राहिला.

"द्या. तिला. चावी."

बाबांनी चावी काढली आणि मागे न बघता खांद्यावरून माझ्याकडे दिली. चावीला त्यांच्या हाताची ऊब होती.

परतताना मी गाडी चालवली, आई शेजारी, बाबा मागे. बाबांनी मघाशी काय सांगितलं ते माहीत असूनही पहिल्या सिग्नलला मी विचारलं, "आई, हिरवा झाला का गं?" मी चार वर्षांची असताना खोटं बोलले की ती जशी बघायची तशी तिने माझ्याकडे बघितलं आणि तोंड खिडकीकडे वळवलं. घरी पोचेपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही.

पुढचे दहाबारा दिवस वाईट गेले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून मला माहीत होतं तेच सांगितलं, आहे तेवढं टिकवू म्हणाले, गोळ्या दिल्या. दादाचा फोन आला, तू योग्य तेच केलंस. मी हो म्हटलं आणि फोन ठेवून भांडी आपटली. चार वाजले की मी गाडी घेऊन जायचे, दोघांना फिरवून आणायचे, आणि आई समोर बघत बसायची, पाहुणी असल्यासारखी. बाबा मागे बसून विचारायचे, काय दिसतंय गं? ती नुसतं हं करायची. त्यांना दिसलं नाही तरी आता काही अडत नव्हतं ना. मला दिसत होतं. माझे दोन्ही डोळे ठणठणीत होते, हीच पंचाईत होती. रोज त्यांना सोडून दुकानात परत यायचे आणि त्या तक्त्याकडे बघत बसायचे. मी योग्य निर्णय घेतला होता, आणि योग्य निर्णय घेऊन आईला परत मुकी केली होती. ती शिवणकामवाली बाई आठवायची. नंबर बरोबर, आणि टाका दिसत नाही.

एका दुपारी तक्त्यापुढे एक गृहस्थ बसले होते. सातव्या ओळीवर आले, ग, त, आणि नेहमीप्रमाणे म्हणाले, इथलं पुसलंय हो. मी दोन वर्षं जे म्हणत आले तेच म्हणाले, सोडा ते, पुढचं वाचा. म्हणाले आणि माझी मीच थांबले. ते गृहस्थ म व म्हणून केव्हाच मोकळे झाले होते. मी त्यांना चुकून दुसऱ्याच्याच फ्रेमा दाखवत होते, शेवटी मावशींनी येऊन सावरून घेतलं.

संध्याकाळी आईबाबांकडे गेले. "बाबा, तो ण परत काढून द्या मला," मी म्हणाले.

"वेड लागलंय का? जिथे ब्रश टेकवीन तिथलंच नेमकं दिसत नाही मला."

"माहितीय मला. मी आत बघितलंय."

"मग?"

मी आईकडे बघितलं नाही. मुद्दामच नाही बघितलं, उगाच तिला वाटायला नको की हे तिच्यासाठी चाललंय. "गिऱ्हाईकं अडतात तिथे," मी म्हणाले, आणि ते शंभर टक्के खरं होतं. "दुसऱ्या कुणाच्या हातचं तिथे चालणार नाही. आणि उद्या मला गाडी घेऊन यायला जमणार नाही, तुम्ही बसने या." हेही खरं होतं, दुसऱ्या दिवशी दुकानात गर्दी असणार होती.

ते आले चार वाजून वीस मिनिटांनी. मी दारातून बघत होते. पलीकडच्या थांब्यावर बस थांबली, आधी आई काठी टेकत उतरली, मग तिच्या खांद्याला धरून बाबा, हातात ब्रशांचा जुना डबा. बसचा नंबर कुणी वाचला हे मी विचारलं नाही. रस्त्याच्या कडेला दोघं उभे राहिले. आईचे ओठ हलले. एक गाडी गेली, दुसरी गेली, मग ओठ परत हलले आणि ते दोघं रस्ता ओलांडून आले, अगदी सावकाश, शब्द यायला पुरेल इतक्या सावकाश. पायी चालताना ती फट कुणाला लागत नव्हती.

बाबांनी तक्त्यापुढे स्टूल घेतलं, बोटांनी सातवी ओळ शोधली, तिसरी जागा शोधली. काळ्या रंगात ब्रश बुडवला, डब्याच्या काठावर निपटला. पत्र्यापासून चार बोटांवर येऊन हात थांबला. "कुठे?" ते म्हणाले. कुणाला विचारतायत हे त्यांनी सांगितलं नाही. मी लेन्स पुसत होते. मावशी श्वास रोखून बघत होत्या. दोन गिऱ्हाईकं खुर्च्यांवर बसली होती.

"वर," आई म्हणाली. "अजून. नको. हां. आता... डावीकडे."

"इतकं?"

"कमी. तिथे. टेकवा."

ब्रश टेकला. मग त्या दोघांचं जे चाललं ते ऐकत मी तीन वेळा एकच लेन्स पुसली. खाली, हळू, गोल घ्या, पोरासारखं काय करताय, नीट धरा. हा शेवटचा शब्दांचा ढीग तिच्या तोंडून एकदम बाहेर पडला आणि तिचं तिलाच नवल वाटलं. बाबांचे खांदे हलत होते. हसत होते ते. "बोलू नकोस जास्त," ते म्हणाले, "हात हलतो माझा."

अक्षर झालं. बाबांनी ब्रश खाली ठेवला. "कसं झालंय?"

मी पुढे होणार होते, पण आई आधीच वळली होती. काठी टेकत, एकेक पाऊल टाकत ती दुकानाच्या पार दुसऱ्या टोकाला गेली, वीस फूट, तिथल्या गिऱ्हाईकाला तिने मानेने उठवलं, स्वतः त्या खुर्चीवर बसली आणि बघितलं. बराच वेळ बघितलं. मला इथून दिसत होतं की अक्षराचं पोट भरून गेलंय, रेघ पाचव्या हिश्शापेक्षा बरीच जाड आहे. नियमाने बघायचं तर ते अक्षर मला धरता येणार नव्हतं. मी ठरवलं होतं की छान झालंय म्हणायचं. मावशी तर टाळ्या वाजवायच्या बेतात होत्या.

"जाड झालंय," आई म्हणाली.

बाबा स्टुलावर वळले, आवाजाच्या दिशेने. त्यांचा चेहरा असा उजळला होता, जणू तिने त्यांना पहिला नंबर दिला होता.

"हवा नाही?"

"नाही."

"मग पुसतो," बाबा म्हणाले, आणि त्यांनी स्पिरिटचा बोळा मागितला. "उद्या परत काढू."

"उद्या," आई म्हणाली. "ब्रश बारीक आणा."

तेव्हापासून ते रोज येतात. बसने येतात, कधी दोन थांबे आधी उतरून चालत येतात, नवीन पाट्या बघत, त्यांना नावं ठेवत. आई अजून घरात फारशी बोलत नाही, पण परवा तिने बाबांना पायरी आहे म्हणून सांगितलं आणि काल चहात साखर पडलेली नाही हेही सांगितलं, आणि मला फोनवर इतकंच म्हणाली, "ये." दादाला मी सगळं सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदाच काही पाठवतो म्हणाला नाही. ह्यात शहाणपणाचं कुणी काय केलं हे मला अजून नीट सांगता येत नाही. मी सही केली नाही, ती डोळ्यांतलं तेवढं मला कळतं म्हणून. चावी मात्र आईने काढून घेतली, आणि तो बोळा बाबांनी मागितला, मी तर चक्क छान झालंय म्हणणार होते.

तो ण काही अजून त्यांच्या मनासारखा झालेला नाही. सकाळी येणारी गिऱ्हाईकं सातव्या ओळीत तिसऱ्या जागेवर थांबतात आणि म्हणतात, इथलं पुसलंय वाटतं.

"हो," मी सांगते. "काम चालू आहे."